एका दिवसात देवगिरी

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा वाहतुकीस खुला झाला आणि नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा हा रस्ता आमच्या भिवंडी तालुक्यात येऊन टेकला. त्याचा परिणाम कारखान्यांवर आणि गोदामांवर काय व्हायचा तो होवो; माझ्या दवाखान्यात मात्र तो वेगळ्याच रूपाने येऊन पोहोचला आहे. पूर्वी वेरूळ पाहायचे म्हटले की रात्री कल्याणला देवगिरी एक्स्प्रेस पकडायची, पहाटे उतरायचे, धर्मशाळेत किंवा हॉटेलात अंघोळी उरकायच्या, एक मुक्काम करायचा, असा बेत असे. आता इगतपुरीजवळच्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून कसाऱ्याचा घाट टाळून बस सुसाट निघते आणि साडेचार-पाच तासांत छत्रपती संभाजीनगर गाठते. साहजिकच ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळांतून, भजनी मंडळांतून, सोसायट्यांतून ‘एका दिवसात वेरूळ-देवगिरी’ अशा सहली निघू लागल्या आहेत. निघण्याआधी चार दिवस मंडळी माझ्याकडे रक्तदाब तपासून घेण्यासाठी येतात आणि सोबत सहलीचे वेळापत्रकही दाखवतात.

असे एक वेळापत्रक माझ्यासमोर आहे. पहाटे चार वाजता प्रस्थान. नऊ वाजता वेरूळ लेणी. बारा वाजता घृष्णेश्वर दर्शन. एक वाजता भोजन. दोन वाजता खुलदाबाद, तेथे भद्रा मारुती आणि ज्यांची श्रद्धा असेल त्यांच्यासाठी दर्गा. तीन वाजता दौलताबादचा किल्ला. पाच वाजता बीबी का मकबरा. सहा वाजता पाणचक्की. सात वाजता पैठणी आणि हिमरू शालींची खरेदी. रात्री साडेबारा वाजता भिवंडी. म्हणजे साडेवीस तासांचा दिवस, त्यातले निम्मे तास बसच्या आसनावर, आणि उरलेल्या वेळात दोन राजवंशांच्या राजधान्या, एक ज्योतिर्लिंग आणि तीन धर्मांची लेणी! तिशीतल्या माणसाची दमछाक व्हावी असा हा बेत. गटातील सर्वांत तरुण सदस्य चौसष्ट वर्षांचे आहेत.

मी अशा सहलींच्या विरोधात नाही, हे आधीच स्पष्ट करतो. उलट ज्यांचे जग घर, देवघर आणि दवाखाना एवढ्यापुरतेच उरले आहे, त्यांना मी जाण्याचा आग्रहच करतो. आयुष्यभर मागावर धोटा फिरताना पाहिलेल्या, शेतात भात लावलेल्या, चाळीतल्या दोन खोल्यांत संसार रेटलेल्या माणसाने वेरूळच्या सोळाव्या लेण्यासमोर एकदा तरी उभे राहावे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, कारागिरांनी डोंगराला वरून हात घातला आणि कळसापासून पायथ्यापर्यंत खाली खाली कोरत कैलास मंदिर मोकळे केले. इमारत बांधताना चूक झाली तर वीट काढून पुन्हा लावता येते. येथे उडालेली कपची परत बसवण्याची सोय नव्हती. हे पाहून आलेली मंडळी पुढचे कित्येक दिवस त्याविषयी बोलत राहतात, झोप सुधारल्याचे सांगतात, आणि गुडघ्यांची तक्रार क्षणभर विसरतात. माझ्या औषधांच्या कपाटात याला पर्याय नाही.

मग हरकत कशाला? वेळापत्रकात एक गोष्ट नाही, तिला. ते पुन्हा वाचून पाहा. लघवीसाठी थांबण्याची वेळ त्यात कोठेही लिहिलेली नाही.

विषय संकोचाचा आहे, म्हणूनच त्यावर विस्ताराने लिहितो. माझ्याकडे नियमित येणाऱ्या एकाहत्तर वर्षांच्या एक आजी अशाच एका सहलीला गेल्या होत्या. त्यांना रक्तदाबासाठी जी गोळी चालू आहे, तिच्यात लघवी वाढवणारे औषध मिसळलेले आहे. सकाळी निघताना त्यांनी नेमाने गोळी घेतली. पाणी मात्र घेतले नाही. वाटेत एका चहावर भागवले, लेण्यांत दोन घोट, जेवताना अर्धा पेला, बस्स. दौलताबादच्या पायऱ्या उतरताना डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा त्या कट्ट्यावर बसल्या, आणि शेजारणीने विचारले तेव्हा ‘जरा ऊन लागले’ एवढेच म्हणाल्या. रात्री घरी आल्यावर सुनेच्या लक्षात आले की सासूबाई बोलताना शब्द चुकवत आहेत आणि उठताना झोकांड्या खात आहेत. वरचा रक्तदाब ९०च्या आसपास आला होता, रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेले निघाले. रुग्णालयात शिरेतून सलाइन दिल्यावर तीन दिवसांत त्या पूर्ववत झाल्या. मी त्यांना विचारले, ‘पाण्याची बाटली जवळ होती, मग प्यायला काय झाले होते?’ त्या म्हणाल्या, ‘डॉक्टर, प्यायले की जावे लागते. माझ्यापायी चाळीस माणसांची गाडी थांबवायची?’

वाचकहो, धावत्या सहलीत वयस्कर माणसाला जो धोका असतो तो बहुतांशी या एका वाक्यात आहे. पायऱ्या, ऊन, अंतर यांची भीती सर्वांनाच वाटते आणि त्यांची तयारीही केली जाते. पण ‘आपल्यामुळे इतरांचा खोळंबा नको’ या भिडेपोटी माणूस पाणी तोडतो, गोळी चुकवतो, चक्कर लपवतो, आणि दुखऱ्या गुडघ्यावर गटाच्या मागे मागे धावत राहतो. गटाची चाल सर्वांत पुढे असणाऱ्याच्या पायांनी ठरते. मागे राहिलेल्याला तो पोहोचतो न पोहोचतो तोच ‘चला, चला’ ऐकू येते. पुढच्यांनी वाट पाहताना विश्रांती घेतलेली असते, मागच्याला ती मिळतच नाही.

आता यामागचे शरीरशास्त्र. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. शरीरातील पाणी कमी झालेले असते, पण मेंदूकडून तहानेची हाक उशिरा येते, काही वेळा येतच नाही. मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची क्षमताही घटलेली असते. त्यावर लघवी वाढवणाऱ्या गोळ्या असतील तर पाण्याची वजाबाकी दुप्पट होते. अलीकडे मधुमेहासाठी आणि हृदयासाठी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या बऱ्याच जणांना दिल्या जातात. त्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात आणि साखरेसोबत पाणीही जाते. पुरुषांत प्रोस्टेटसाठी दिली जाणारी टॅमसुलोसिनसारखी गोळी उभे राहताना रक्तदाब खाली आणू शकते. एकेक औषध योग्यच असते, परंतु कोरड्या पडलेल्या शरीरात, दुपारच्या उन्हात, त्यांची बेरीज महागात पडते.

म्हणून सहलीच्या चार-पाच दिवस आधी आपल्या सर्व गोळ्या घेऊन आपल्या डॉक्टरांना भेटावे आणि नेमका प्रश्न विचारावा: ‘त्या दिवशी ही गोळी नेहमीच्या वेळी घ्यायची, वेळ बदलायची, की कमी करायची?’ लघवीची गोळी पहाटेऐवजी मुक्कामी पोहोचल्यावर घेता येईल का, हे ज्याचे त्याच्या आजारावर ठरते. स्वतःच्या मनाने ती बंद करू नये; हृदय कमकुवत असलेल्या माणसाने एक दिवस गोळी चुकवून बसप्रवास केला तर पायांवर सूज आणि छातीत पाणी अशी उलटीच अवस्था होऊ शकते. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून पिण्यास सांगितले आहे, त्यांनी ते माप सहलीतही पाळावे. इतरांनी तहानेची वाट न पाहता तासातासाने अर्धा पेला पाणी प्यावे. लघवीचा रंग गडद पिवळा दिसू लागला की पाणी कमी पडते आहे असे समजावे.

आणि सहलीच्या संयोजकांना माझी एक विनंती आहे, किंबहुना अट म्हणा. वेळापत्रकात दर दोन तासांनी वीस मिनिटांचा थांबा छापील अक्षरांत लिहावा. समृद्धी महामार्गावर वाटेल तेथे गाडी उभी करता येत नाही, आणि थांब्यांची ठिकाणे एकमेकांपासून लांब आहेत; तेव्हा कोठे थांबायचे हे चालकाशी बोलून आदल्या दिवशीच ठरवावे. थांबा लिहिलेला असला की कोणालाही हात वर करून विनवणी करावी लागत नाही. सगळेच उतरतात, कोणा एकीसाठी गाडी थांबली असे होत नाही. विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे. बसमध्ये बसलेल्या पुरुष मंडळींसमोर ‘मला जायचे आहे’ असे म्हणण्यापेक्षा दिवसभर कोरडे राहणे पत्करणाऱ्या किती तरी माता-भगिनी मी पाहिल्या आहेत.

दुसरी बाब जेवणाची. वेळापत्रकात ‘एक वाजता भोजन’ असे असले तरी घृष्णेश्वराच्या रांगेचा वेळापत्रकाशी करार झालेला नसतो. सोमवार असला, श्रावण असला, सुट्टीचा दिवस असला तर दोन काय, तीनही वाजतात. ज्यांच्या मधुमेहाच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड आहे, किंवा जे इन्सुलिन घेतात, त्यांनी जेवणाचे ताट प्रत्यक्ष समोर आल्याशिवाय दुपारची मात्रा घेऊ नये. सकाळची मात्रा घेतली असेल तर अकराच्या सुमारास काही तरी खावे: दोन भाकरवड्या नव्हेत, तर पोळीभाजीची गुंडाळी, केळे, शेंगदाण्याचा लाडू असे काही. साखर उतरल्याची लक्षणे तरुणांत घाम, थरथर, धडधड अशी ठळक असतात. वृद्धांत ती अनेकदा चिडचिड, गोंधळ, असंबद्ध बोलणे, पाय अडखळणे अशा रूपाने येतात आणि सोबतचे लोक ‘दमले आहेत’ म्हणून सोडून देतात. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर गटातील गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर झाकली जाते; घाम तेवढा येतो. अशा वेळी तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, बरे वाटल्यावर खायला द्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. साखरेची पुडी स्वतःच्या खिशात असावी. बसमधल्या पिशवीत असलेली साखर लेण्यात उपयोगाची नसते. इन्सुलिन मात्र बंद बसमध्ये उन्हात ठेवू नये, ते सोबत, सावलीत, ओल्या कापडात किंवा थंड पिशवीत बाळगावे.

देवळाचे आवार दुपारी तापते. ज्यांच्या तळव्यांची संवेदना मधुमेहाने बोथट झाली आहे त्यांना चटका कळत नाही, संध्याकाळी फोडच दिसतात. जाड सुती पायमोजे घालून फरशीवरून चालावे, गाभाऱ्याच्या दाराशी काढावेत. देव त्याला आक्षेप घेणार नाही, असा माझा समज आहे.

लेण्यांविषयी थोडे सविस्तर. वेरूळला चौतीस लेणी आहेत: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. दोन-तीन तासांत चौतीसही पाहण्याचा हट्ट धरणारे गट मी ऐकले आहेत. तसे करू नये. कैलास, त्यानंतर चैत्यगृह असलेले दहावे लेणे, आणि पाय साथ देत असतील तर जैन समूहातील बत्तिसावे, एवढे शांतपणे पाहिले तरी डोळ्यांचे पारणे फिटते. जैन लेणी मुख्य समूहापासून दूर आहेत. तेथपर्यंत वाहन मिळते का याची प्रवेशद्वाराशीच चौकशी करावी.

लेण्यांत पडण्याचे प्रसंग बहुधा उंबऱ्याशी घडतात. बाहेर लखलखीत ऊन आणि आत काळोख. तरुण डोळा काही क्षणांत सरावतो. सत्तरीतल्या डोळ्याला, त्यातही मोतीबिंदू असेल तर, बराच अधिक वेळ लागतो. त्या अवधीत उंच उंबरा, खोलगट झालेली पायरी, खांबाची बैठक यांपैकी काहीच दिसत नाही. म्हणून दाराशी भिंतीला हात टेकून एक-दोन मिनिटे थांबावे, मग आत जावे. उन्हात काळ्या होणाऱ्या काचांचा चष्मा आत गेल्यावर लगेच पांढरा होत नाही. तो असेल तर दुसरा साधा चष्मा सोबत घ्यावा. दूरचे-जवळचे एकत्र असलेल्या चष्म्यातून खाली पाहिले की पायरी धूसर दिसते, कारण खालचा भाग वाचनासाठी असतो. पायऱ्यांवर मान थोडी अधिक वाकवून काचेच्या वरच्या भागातून पाहावे. आणि चालता चालता छताकडे पाहू नये. पाहायचे तर उभे राहून, खांबाला धरून पाहावे.

आता दौलताबाद. वेळापत्रकाप्रमाणे भोजनानंतर दोन तासांच्या आत हा किल्ला येतो, आणि वैद्यकीय दृष्टीने ही सर्वांत वाईट जोडणी आहे. भरपेट जेवणानंतर रक्ताचा ओघ पचनसंस्थेकडे वळतो. वृद्धांमध्ये जेवणानंतरच्या एक-दोन तासांत रक्तदाब चांगलाच उतरू शकतो. त्याच वेळेस उन्हात चढण आली की भोवळ येते. सहलीच्या दुपारी अर्धेच जेवावे. बासुंदीला रात्री न्याय द्यावा.

हा यादवांचा देवगिरी. बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमाने येथे राजधानी वसवली. १२९६मध्ये अल्लाउद्दीन खिलजीची धाड आली. पुढे १३२७च्या सुमारास मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे हलवण्याचा घाट घातला, नाव दौलताबाद ठेवले, आणि लोकांना शेकडो कोसांची वाट चालायला लावली. त्या वाटेवर म्हातारे-कोतारे किती गळाले असतील याची कल्पनाच करावी. काही वर्षांतच राजधानी परत दिल्लीला गेली. घाईघाईने आणि सर्वांना एकाच चालीने नेण्याचा आग्रह धरणारा तो भारतातील सर्वांत प्रसिद्ध सहल-संयोजक म्हणावा लागेल!

किल्ल्याच्या माथ्यापर्यंत साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आहेत, त्याही उंच-सखल, आणि मध्ये ‘अंधारी’ नावाचा काळोखा वळणदार मार्ग आहे. शत्रूला ठेच लागावी, त्याची दिशाभूल व्हावी याच हेतूने तो रचलेला आहे. ज्या वाटेची रचनाच माणसाला पाडण्यासाठी केली, तेथे गुडघे झिजलेल्या, मोतीबिंदू असलेल्या माणसाने आपण जिंकू असे समजण्यात अर्थ नाही. गुडघ्यांवर चढण्यापेक्षा उतरण्याचा ताण अधिक पडतो. वर जाताना फक्त धाप लागते म्हणून माणूस जातो, आणि उतरताना मांड्या थरथरू लागतात तेव्हा दुसरा मार्ग उरलेला नसतो. काठी आणि कठडा सोडू नये. चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा.

माझा सल्ला असा की ज्यांचे वय सत्तरीपुढे आहे, किंवा ज्यांना हृदयविकार, दमा, गुडघेदुखी, तोल जाणे यांपैकी काही आहे, त्यांनी पायथ्याचाच किल्ला पाहावा. तो काही दुय्यम नाही. महाद्वारे, तटबंदी, तोफा, भारतमातेचे मंदिर आणि उंच चांद मिनार हे सारे खालीच आहे. येथे संयोजकाच्या भाषेचा फार परिणाम होतो. ‘ज्यांना जमणार नाही त्यांनी खाली बसा’ असे म्हटले की मानी माणूस हमखास चढतो. त्याऐवजी दोन गट आधीच करावेत: एक माथ्याचा, एक पायथ्याचा. दोन्ही गटांना माहिती सांगणारा माणूस असावा. संयोजकांपैकी एखाद्या धडधाकट व्यक्तीने स्वतः पायथ्याच्या गटात थांबावे, म्हणजे त्या गटाला कमीपणा उरत नाही.

भिवंडीकरांसाठी एक खास मुद्दा आहे, तो बाहेरच्या सहल कंपनीला सुचणार नाही. आपल्यापैकी अनेकांनी तीस-तीस वर्षे यंत्रमागांच्या खडखडाटात काढली आहेत. मग ते मराठी असोत, तेलुगू पद्मशाली असोत की मोमीन. त्या आवाजाने कानातील सूक्ष्म पेशी कायमच्या निकामी होतात आणि आधी उंच पट्टीचे ध्वनी ऐकू येईनासे होतात. अशा माणसाला शांत खोलीत समोरासमोर बोललेले कळते, पण गर्दीत, वाऱ्यात, दुरून ओरडलेले ‘पावणेपाचला मागच्या फाटकाशी या’ हे कळत नाही. तो मान हलवतो, कारण पुन्हा विचारण्याचा संकोच. पुढे तो पुढच्या फाटकाशी उभा राहतो आणि गट मागच्या. प्रत्येक ठिकाणी परतण्याची वेळ आणि जागा कागदावर लिहून हातात द्यावी किंवा मोबाइलवर संदेश पाठवावा, आणि दोघादोघांच्या जोड्या लावून द्याव्यात. तसेच वर्षानुवर्षे कापसाचे तूस श्वासात गेलेल्यांना चढावर धाप लवकर लागते. श्वासाचा पंप असेल तर तो बसमध्ये न ठेवता खिशात ठेवावा.

याच मागवाल्या मंडळींना संध्याकाळी हिमरूच्या दुकानात बसलेले पाहणे हा मोठा आनंद असतो असे ऐकतो. सूत आणि रेशीम एकत्र विणून केलेले ते कापड बोटांनी चाचपून ते घरबसल्या कामगारासारखी त्याची चिकित्सा करतात. दुकानात बसायला गादी असते, पंखा असतो. माझ्या मते या सहलीतील हा एक थांबा कोणीही कापू नये. कापायचेच तर मकबरा आणि पाणचक्की यांतील एक कापावे.

हा घाईचा सोस आपल्याच मंडळींचा आहे असे नाही. मुले परदेशी असलेले माझे काही रुग्ण युरोपच्या गटसहलींना जाऊन येतात. तेथेही रोम एका दिवसात ‘होते’: सकाळी व्हॅटिकनची दालने, दुपारी कोलोसियम, संध्याकाळी त्रेवीच्या कारंज्यात नाणे. रस्त्यांवर उंचसखल दगडी फरसबंदी, त्यामुळे घोटे मुरगळतात, आणि स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी जवळ ठेवावी लागतात. पाणी तोडण्याची सवय तेथेही सोबत जातेच. पाहण्याचाही थकवा असतो, हे वैद्यक आणि संग्रहालयशास्त्र दोन्ही मानतात. बोस्टनच्या कलासंग्रहालयातील बेंजामिन गिलमन यांनी १९१६मध्ये ‘संग्रहालयाचा थकवा’ याच विषयावर लेख लिहिला. वाकून, मान उंचावून, ताटकळत पाहण्याने प्रेक्षक कसा शिणतो हे त्यांनी छायाचित्रांसह दाखवले. फ्लॉरेन्समध्ये कलाकृतींच्या भडिमाराने चक्कर, धडधड, गोंधळ अशी लक्षणे होऊन आलेल्या पर्यटकांचा अभ्यास ग्राझिएला मॅगेरिनी या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी केला आणि त्याला स्तांदाल या फ्रेंच लेखकाचे नाव दिले, कारण १८१७च्या सुमाराच्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने तेथील सांता क्रोचे चर्चमधून बाहेर पडतानाची अशीच अवस्था नोंदवली होती. मी असा रुग्ण पाहिलेला नाही. पण वृद्ध माणूस चक्कर आली म्हणत असेल तर कलेला दोष देण्याआधी रक्तदाब आणि साखर पाहावी, एवढे सांगू शकतो.

घरच्या मंडळींसाठी काही शब्द. आई-वडिलांची सहलीची वर्गणी भरली म्हणजे काम संपत नाही. एका कागदावर आजार, औषधांची नावे आणि मात्रा, कशाची ॲलर्जी आहे ते, आणि घरचे दोन दूरध्वनी क्रमांक लिहून तो त्यांच्या खिशात ठेवा, एक प्रत संयोजकाकडे द्या. दोन दिवसांच्या गोळ्या सोबत द्या. परतीला उशीर झाला तर रात्रीची मात्रा चुकत नाही. दुपारी फोन कराल तेव्हा ‘मजा येते आहे ना?’ याला उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. ‘पाणी किती प्यायलात? शेवटचे कधी गेला होतात?’ असे विचारा.

छातीत दडपण, अचानक दम लागणे, थंड घाम, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, शब्द न फुटणे, शुद्ध हरपणे: यांपैकी काहीही झाले तर बस पुढच्या ठिकाणी नेऊ नये, रुग्णाला चालवू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मधुमेही आणि वृद्ध माणसाला हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो, नुसता दम आणि घाम एवढ्यावर; तेव्हा ‘गॅस असेल’ म्हणून सोडा पाजून पुढच्या स्थळाकडे निघू नये. संभाजीनगर हे मोठे शहर आहे, तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि घाटी रुग्णालय आहे. मदत जवळच असते, ती मागण्यात उशीर होतो.

परतीच्या बसमध्ये सगळे झोपी जातात. चार तासांहून अधिक काळ पाय लोंबकळत ठेवून बसल्याने पोटऱ्यांत रक्त साकळते आणि क्वचित गुठळी होते. ज्यांचे नुकतेच ऑपरेशन झाले आहे, कर्करोगाचे उपचार चालू आहेत किंवा पूर्वी गुठळी झाली आहे, त्यांनी एका दिवसाच्या सहलीला जाऊच नये. मुक्कामाच्या सहलीचा विचारही डॉक्टरांना विचारूनच करावा. इतरांनी अर्ध्या-अर्ध्या तासाने घोटे वर-खाली करावेत आणि थांब्यावर खाली उतरून चालावे. मध्यरात्री घरी पोहोचल्यावर पलंगावरून उठताना आधी दोन मिनिटे काठावर बसावे, दिवा लावावा, मग न्हाणीघराकडे जावे. दुसऱ्या दिवशी कोणतेही काम ठेवू नये. दोन-तीन दिवसांत एकाच पोटरीला सूज आली, दुखू लागली किंवा दम लागू लागला तर मात्र ‘चालून चालून झाले असेल’ असे न म्हणता त्याच दिवशी दाखवावे.

आपला गट मुक्कामाला तयार झाला तर उत्तमच. पहिल्या दिवशी वेरूळ, दुसऱ्या दिवशी दौलताबाद आणि शहर, आणि मधली रात्र गादीवर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात पारा चाळिशीपार जातो, त्या दिवसांत जाऊ नये.

आणि हो, दिवस ठरवताना पंचांगाइतकेच हेही पाहावे: मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात.